कालबाह्य संगणक, नव्या आज्ञावली आणि किमतीचा प्रश्न

ज्या संगणकाची निर्माती कंपनी बुडाली, ज्याचे मूळ सुटे भाग आता जुन्या बाजारातच मिळतात आणि ज्याच्या जोरावर फारसे कोणी पोट भरत नाही, त्या संगणकासाठी आजही नव्या आज्ञावली लिहिल्या जातात. १९८२ साली आलेल्या कमोडोर ६४ या घरगुती संगणकाची स्मृती ६४ किलोबाइट होती; बेसिक भाषेत लिहिणाऱ्याच्या वाट्याला त्यातले ३८,९११ बाइटच येत आणि हा आकडा यंत्र सुरू होताच पडद्यावर उमटे. एवढ्याशा जागेत नवे काही बसवून दाखवणे यातच हौशी प्रोग्रॅमरला आनंद असतो. परंतु कृती पुरी झाली, की ती विकावी की फुकट वाटावी, यावर या मंडळींत हमखास दोन तट पडतात.

हा वाद घरगुती संगणकाइतकाच जुना आहे. १९७६ च्या फेब्रुवारीत बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना उद्देशून एक जाहीर पत्र लिहिले. अल्टेअर या संगणकासाठी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बेसिकचा इंटरप्रिटर, म्हणजे माणसाने लिहिलेल्या सूचना एकेक वाचून त्या यंत्राकडून करवून घेणारी आज्ञावली, तयार केली होती आणि तिच्या नकला हातोहात फिरत होत्या. अल्टेअर घेणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी लोकांनी बेसिक विकत घेतले आणि खपलेल्या वेळेच्या हिशेबाने तासाला दोन डॉलरही सुटले नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. आकडे अर्थातच तक्रारदाराचे. त्याच वर्षी टॉम पिटमन यांनी आपले ‘टायनी बेसिक’ पाच डॉलरना विकायला काढले, तर ली-चेन वांग यांनी आपल्या टायनी बेसिकच्या माथ्यावर स्वामित्वहक्काच्या रूढ घोषणेची थट्टा करणारी ओळ टाकून ते सर्वांसाठी मोकळे सोडले. पुढे कमोडोरसह अनेक कंपन्यांच्या संगणकांत ज्याची रूपे शिरली, त्या ६५०२ या प्रोसेसरसाठीच्या बेसिकचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला वाचनीय मूळ मजकूर, खुद्द मायक्रोसॉफ्टनेच २०२५ साली कोणालाही वापरण्यास व बदलण्यास खुला केला.

गेट्स यांचे म्हणणे वाढत्या बाजारपेठेतले होते. कमोडोरचे मात्र १९९४ साली दिवाळे निघाले आणि आज त्या यंत्राचे गिऱ्हाईक मोजकेच उरले आहे. तरीही विक्रीला मुळातच अनैतिक ठरवणे योग्य नाही. ‘सॅम्स जर्नी’ हा २०१७ साली आलेला कमोडोर ६४ चा खेळ डाउनलोड म्हणून विकला गेला, तसाच खोक्यात घालूनही विकला गेला. कार्ट्रिजसाठी, म्हणजे खेळ साठवलेल्या व यंत्रात खोचायच्या डबीसाठी, चिप, छापील सर्किटची पट्टी व प्लॅस्टिकचे कवच लागते, पुस्तिका छापावी लागते, आणि हा सारा खर्च खेळ लिहिणाऱ्याने पदरमोड करून सोसावा, अशी अपेक्षा धरणारा रसिक हा रसिक नसून फुकट्या म्हणावा लागेल.

खेळ मात्र स्वतःपुरता पूर्ण असतो. कंपायलर, कार्यप्रणाली किंवा संपर्कसाधनांच्या आज्ञावली यांची गोष्ट निराळी, कारण त्यांच्यावर इतरांचे काम उभे राहते. अ‍ॅडम डंकेल्स यांची कॉन्टिकी ही छोटी कार्यप्रणाली २००३ च्या सुमारास कमोडोर ६४ वरही चालत होती. ती मुक्त परवान्याखाली असल्यामुळे इतरांना तिच्यात भर घालता आली आणि पुढे जाळ्याने जोडलेल्या अल्पशक्तीच्या संवेदक-यंत्रांत तिचा वापर झाला. किंमत लावून मूळ मजकूर दडवला असता, तर हे घडणे अवघड होते.

म्हणूनच किमतीपेक्षा कर्त्याच्या पश्चात हक्क कोणाकडे राहतात, हा प्रश्न अधिक अडचणीचा ठरतो. कमोडोरच्या अमिगा संगणकाची कार्यप्रणाली आजही विकली जाते, तिची ३.२ ही आवृत्ती २०२१ साली आली. मात्र तिच्या हक्कांवरून कंपन्यांमध्ये न्यायालयीन वाद झाले, आणि दुसरीकडे तिची मोकळी प्रतिकृती घडवण्याचा ‘अ‍ॅरोस’ हा प्रकल्प १९९० च्या दशकापासून चालू आहे. याउलट, सिंक्लेअर कंपनीचा संगणक-व्यवसाय १९८६ साली विकत घेणाऱ्या अ‍ॅमस्ट्रॅडने झेडएक्स स्पेक्ट्रमच्या रॉमचा, म्हणजे यंत्रातच कायमच्या कोरलेल्या आज्ञावलीचा, एम्युलेटरसोबत विनामूल्य प्रसार करण्यास १९९९ साली संमती दिली. एम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल नव्या संगणकावर करणारी आज्ञावली. अ‍ॅमस्ट्रॅडने स्वामित्वहक्क सोडला नाही, पण एम्युलेटर लिहिणाऱ्यांच्या मानेवरची टांगती तलवार निघाली. भारतातही १९८६ पासून स्पेक्ट्रम+ परवान्याने तयार होऊन विकला जात होता. त्यामुळे इथल्या ज्या घरांत तो पोहोचला, तिथल्या जुन्या कॅसेटींनाही या संमतीचा उपयोग आहे.

विक्री आणि मोकळेपणा एकाच कृतीत नांदू शकतात, याचा दाखला ‘डूम’ या खेळात सापडतो. आयडी सॉफ्टवेअरने त्याचे इंजिन, म्हणजे खेळ चालवणारा यांत्रिक भाग, १९९७ च्या डिसेंबरात सोर्स कोडसह प्रसिद्ध केला, पण पूर्ण खेळाचे नकाशे, चित्रे आणि ध्वनी विक्रीचेच ठेवले. कंपनीने अमिगासाठी हा खेळ कधीच काढला नव्हता. सोर्स कोड मिळताच हौशी मंडळींनी तो थोड्याच काळात त्या यंत्रावर आणला, आणि ज्यांना तो तिथे पूर्ण खेळायचा होता, त्यांना नकाशांच्या फाइलसाठी मूळ खेळ पैसे मोजूनच घ्यावा लागला.