बरी झालेली पोर आणि आठवड्याचा फोन

लातूर-नांदेडला शिकवणीसाठी होस्टेलात राहणाऱ्या आपल्या पोरींबद्दल आज बोलू. वजनाच्या धास्तीनं जेवण तोडत जाणं, किंवा भराभर खाऊन घशात बोट घालून उलटी काढणं, हे नखरे नव्हेत. हा आजार आहे. डॉक्टर त्याला अ‍ॅनोरेक्सिया, बुलिमिया म्हणतात. उपचारानं पोर सावरते, पण पहिलं वर्षभर आजार उलटण्याची भीती जास्त.

ती घरी आली की आपणच म्हणतो, "बरं झालं गं, अंगानं भरलीस!" आपल्या लेखी हे कौतुक, तिला ऐकू येतं "जाड झालीस". मग सोमवार सुरू होतो, गुरुवार, एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस. माहूरच्या देवीसाठी उपास धरणारीला कोण अडवणार? उपासाला आमचा विरोध नाही. पण या आजाराला लपायला त्याच्याइतका सोयीचा आडोसा नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला उपास धरू देऊ नका.

देगलूर-उदगीरहून दर आठवड्याला दवाखाना गाठायचा तर भाडं लागतं, मजुरीही बुडते. म्हणून सुट्टी होतानाच विचारा, पुढचं बोलणं फोनवर, व्हिडिओवर होईल का? ठरलेल्या वेळी समुपदेशक बोलतात. काय खाल्लं, तेव्हा मनात काय आलं, हे ती वहीत लिहिते. जेवण टाळावंसं कधी वाटतं ते ओळखून, तेव्हा काय करायचं हे दोघी आधीच ठरवतात. जर्मनीत रुग्णालयातून घरी गेलेल्या बायांसाठी असा नऊ महिन्यांचा इंटरनेटवरचा कार्यक्रम झाला. ज्यांनी तो पुरा केला, त्यांचं वजन अधिक सावरलं. मधेच सोडू नये ते यासाठी.

मधल्या दिवशी मन बिथरलं तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, फुकट, चोवीस तास, मराठीतही.

फोनवर वजन-रक्त तपासता येत नाही, ते दवाखान्यातच. चक्कर, छातीत धडधड, उलटीत रक्त किंवा जीव द्यायची भाषा दिसली तर थेट विष्णुपुरीचं किंवा लातूरचं शासकीय रुग्णालय गाठा.

आणि ती बोलत असताना स्पीकर लावून शेजारी बसू नका. घरात एकांत नसेल तर गटाच्या बैठकीची खोली तासभर तिला द्या. कशासाठी, हे गावाला सांगायची गरज नाही.