हरवलेल्या ड्रायव्हरचा शोध
नगर जिल्ह्यातील एखाद्या पतसंस्थेचे वा साखर कारखान्याचे जुने दप्तर फ्लॉपी-नियंत्रकाला जोडलेल्या टेप ड्राइव्हच्या फितीत अडकले असेल, तर ती वाचणारा ‘एफटेप’ हा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमधून २००७ साली, २.६.२० या आवृत्तीत, वगळला गेला, हे प्रथम ध्यानात घ्यावे. तथापि वगळलेले ते नष्ट झालेले नव्हे. कर्नलचा २००५पासूनचा समग्र इतिहास गिट या आवृत्ती-नोंद प्रणालीत शाबूत असल्याने त्या ड्रायव्हरचा सोर्स कोड आजही हाती लागतो, आणि जुन्या यंत्रावर त्या काळचेच लिनक्स चढवून फीत वाचणे, हा मार्ग मला सर्वांत निर्धोक वाटतो. दुसऱ्या एखाद्या पीसीआय कार्डाचा ड्रायव्हर शोधायचा असेल आणि त्यावरील नाव पुसले गेले असले, तरी ‘एलएसपीसीआय -nn’ ही आज्ञा उत्पादकाचा क्रमांक सांगते. ८०८६ दिसल्यास कार्डावरील चिप इंटेलची समजावी.