मोहरीच्या कुळाची मोजणी

फोडणीच्या पळीत तडतडणारी मोहरी आणि त्याच फोडणीवर पडणारा चिरलेला कोबी यांचे काही रक्ताचे नाते असेल, अशी कल्पना स्वयंपाक करणाऱ्याच्या मनात सहसा येत नाही. एक वस्तू मसाल्याच्या डब्यातली, दुसरी मंडईतली, आणि दोहोंच्या रूपात, चवीत व उपयोगात अंतर इतके की, त्यांना एका कुळात बसविणे हा वनस्पतिशास्त्राचा दुराग्रह वाटावा. पण दोहोंचे बी तळहातावर शेजारी ठेवून पाहावे: तोच वाटोळा, काळपट तपकिरी, बोटांतून घरंगळणारा दाणा. थंड प्रदेशात कोबीचा गड्डा न कापता शेतात राहू दिला, तर तो उकलून मधून जो दांडा वर येतो, त्याच्यावरही मोहरीसारखीच चार पाकळ्यांची पिवळी फुले डोलू लागतात. कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि ब्रोकोली या चार भाज्या तर शास्त्राच्या दफ्तरी ब्रासिका ओलेरासिया या एकाच जातीच्या खात्यावर नोंदलेल्या आहेत. कोणी पाने मिटून घेतली, कोणी फुलोरा घट्ट केला, कोणी खोड फुगविले, एवढाच त्यांच्यातला भेद.

या कुळाची पहिली विश्वसनीय वंशावळ १९३५ साली जपानमध्ये सिद्ध झाली. कोरियन पिता आणि जपानी माता यांच्या पोटी जन्मलेल्या ऊ जांग-चुन या संशोधकाने एक साधा त्रिकोण मांडला. त्याच्या तीन कोनांवर तीन मूळ जाती: शलगम व चिनी कोबी यांची जात रापा, जिच्या एकेरी संचात १० गुणसूत्रे, काळी मोहरी, म्हणजे नायग्रा, जिची ८, आणि कोबीची ओलेरासिया, जिची ९. तीन बाजूंवर या मूळ जातींच्या जोडसंकरातून उपजलेल्या तीन जाती: १८ गुणसूत्रांची जुन्सिया, म्हणजे हिंदुस्थानात घरोघरी वापरली जाणारी मोहरी, १९ गुणसूत्रांची तेलबी नापस, आणि १७ गुणसूत्रांची, इथियोपियात पिकणारी कॅरिनाटा. बेरजा तंतोतंत जुळतात, आणि ऊ महाशय बेरजांवरच थांबले नाहीत. रापा व ओलेरासिया यांचा संकर घडवून त्यांनी नापस प्रत्यक्ष निर्माण करून दाखविली. सूक्ष्मदर्शकाच्या बळावर इतके स्पष्ट उत्तर मिळविणारे काम वनस्पतिशास्त्रात फार थोडे आहे, असे मला वाटते.

तथापि सूक्ष्मदर्शकाने गुणसूत्रांची गणती होते, त्यांच्या अंतरंगाची नव्हे. तालुक्यातील गावे मोजली गेली, पण शिवारातील एकही बांध कागदावर चढला नाही, अशी ती अवस्था होती. त्यासाठी हद्दीचे दगड हवे होते, आणि ते दगड म्हणजेच डीएनएच्या खुणा. मोजणीच्या अंमलदाराने रोवलेल्या दगडाला धान्याचा दाणाही लागत नाही. त्याचे सारे मोल तो ज्या जागी उभा आहे त्या जागेत असते. डीएनएची खूणही अशीच स्वतः बहुधा काही करीत नाही. दोन वाणांच्या डीएनएत एखाद्या ठिकाणी अक्षरांचा जो फरक असतो, तो ओळखता आला म्हणजे ती खूण झाली, आणि तिच्या आसपास जे जनुक नांदते, त्याचा ठावठिकाणा तिच्यावरून लागू लागला.

१९८०च्या दशकात ही खूण पाहण्याची रीत मोठी कष्टाची होती. कोवळे पान द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून खलात त्याचे पीठ करावयाचे, त्यातून डीएनए वेगळा काढावयाचा, अक्षरांचा ठरावीक क्रम दिसताच तेथेच कापणाऱ्या विकराने त्याचे तुकडे पाडावयाचे, आणि ते अगारोजच्या थरातून विजेच्या ओढीने सरकवावयाचे, म्हणजे लहान तुकडे पुढे जातात व मोठे मागे राहतात. मग ते एका पटलावर उतरवून त्यावर किरणोत्सर्गी डीएनएचा शोधक तुकडा सोडावयाचा. तो आपल्या जोडीदाराला चिकटतो आणि क्ष-किरणांच्या फिल्मवर काळी पट्टी उमटते. एका वाणाची पट्टी वर, दुसऱ्याची खाली, आणि त्यांच्या संकरात दोन्ही. या पट्ट्यांच्याच आधारे विस्कॉन्सिन विद्यापीठातील साँग, ऑस्बर्न आणि विल्यम्स यांनी १९८८ साली या कुळाची नातीगोती पुन्हा तपासली, आणि ऊ यांचा त्रिकोण त्या कसोटीलाही उतरला. त्यापूर्वीच, १९८३ साली, हरितकणांतील डीएनएने, जो या कुळात आईकडून येतो, आपल्या मोहरीचे मातृकुळ रापाचे असल्याचा दाखला दिला होता. हजारो पिढ्यांपूर्वीच्या संकरात परागकण कोणाचा व बीजांड कोणाचे, हे सांगावयास दुसरा कोणता साक्षीदार उरला होता?

नकाशा काढावयाचा म्हणजे मात्र दगड रोवून भागत नाही, दोन दगडांमधील अंतर लागते. आणि ते येथे साखळीने नव्हे, ताटातुटीने मोजतात. बीजपेशी घडताना जोडीदार गुणसूत्रे आपापसांत तुकडे बदलतात. दोन खुणा जितक्या दूर, तितक्या त्या अधिक वेळा एकमेकींपासून सुटतात. अडचण अशी की, मध्ये दोनदा अदलाबदल झाली तर खुणा पुन्हा एकत्र येतात आणि मोजणाऱ्याला काहीच घडले नाही असे वाटते. जनुकशास्त्रज्ञ हॉल्डेन यांनी १९१९ साली यासाठी सूत्र दिले, परंतु त्यात एक अदलाबदल शेजारच्या दुसरीला अटकाव करते हे हिशेबात धरलेले नव्हते. तो अटकाव धरणारे सुटसुटीत सूत्र १९४४ साली ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्याचे कर्ते होते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणारे दामोदर धर्मानंद कोसंबी. शंभरांत वीस वेळा सुटणाऱ्या खुणांमधील अंतर हॉल्डेन यांच्या सूत्राने सुमारे २५.५ सेंटिमॉर्गन (जनुकीय अंतराचे माप) येते, कोसंबींच्या सूत्राने २१.२. नाण्यांच्या झिजेवरून इतिहास वाचणारे कोसंबी मराठी वाचकाला ठाऊक असतात. पण कोबी-मोहरीच्या किती तरी जनुकीय नकाशांवर अंतराच्या मापाशेजारी त्यांचे नाव आजही छापले जाते, हे फारसे कोणाला ठाऊक नसते, आणि ते असावयास हवे.

दिल्ली विद्यापीठात वरुणा हा देशी वाण व हीरा हा पूर्व युरोपीय वळणाचा वाण यांच्या संकरातून मोहरीचा असा नकाशा तयार झाला. १२३ रोपे, हजारावर खुणा. आणि त्या खुणा आपोआप १८ गटांत विभागल्या गेल्या, म्हणजे ऊ यांनी सांगितलेल्या गुणसूत्रांइतक्याच.

तीन मूळ जातींचे नकाशे शेजारी मांडल्यावर जे दिसले ते मात्र कोणाच्या वंशावळीत नोंदलेले नव्हते. १९९६ साली लागरक्रान्ट्स आणि लिडिएट यांनी दाखविले की, ज्यांना आपण मूळ जाती म्हणत होतो, त्या रापा, नायग्रा व ओलेरासिया स्वतःच तिपटीने वाढलेल्या जनुकसंचाच्या वारस आहेत. एकाच क्रमाच्या खुणा तीन-तीन ठिकाणी सापडत होत्या. याच कुळातील ॲराबिडॉप्सिस या तणाच्या पाच गुणसूत्रांत जो पट्टा एकदा येतो, तो येथे तीनदा येतो, कोठे उलटा, कोठे तुटून भलत्याच गुणसूत्राला जोडलेला. एका वतनाच्या तीन तक्षिमा व्हाव्यात आणि पुढे प्रत्येक हिस्सेदाराने आपापल्या वाट्यातील काही जमीन गमवावी, असाच हा प्रकार. २०११ साली रापाचा संपूर्ण अनुक्रम वाचला गेला तेव्हा त्यात सुमारे ४१ हजार जनुके मिळाली. ॲराबिडॉप्सिसमध्ये ती सुमारे २७ हजार आहेत. तिप्पट टिकली असती तर ८० हजारांच्या घरात भरली असती. गळतीही समान झाली नाही: एका तक्षिमेत जनुके पुष्कळ राहिली, उरलेल्या दोन अधिक ओस पडल्या.

संपूर्ण अनुक्रम हाती आल्यावर खुणांची मोजणी कालबाह्य झाली, असे समजणे चूक आहे. अनुक्रम जमीन दाखवितो. कोणत्या तुकड्यात कोणते पीक आहे, हे संततीची छाननी केल्यावाचून कळत नाही. १९७० साली कॅनडातील ब्रॅडफर्ड येथील पाणथळ मातीच्या एका शेतात पांढऱ्या फ्लॉवरमध्ये एक नारिंगी गड्डा निघाला. गाजराला रंग देणारे बीटा-कॅरोटीन त्यात साठले होते. खुणांच्या आधारे जागा आवळत आवळत अमेरिकेतील संशोधकांनी २००६ साली त्याला कारण असलेले जनुक गाठले, आणि ते कॅरोटीन बनविणारे नव्हे, तर पेशीत त्यासाठी कोठार उभे करणारे निघाले. ज्या हिंदुस्थानात १८२२ साली सहारनपूरच्या कंपनी बागेत फ्लॉवरचे बी प्रथम आले, तेथील वाणांत हेच जनुक दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने खुणांच्या साह्याने उतरविले, आणि ‘पुसा केसरी व्हिटा-१’ हा वाण सिद्ध केला. साध्या फ्लॉवरमध्ये नावापुरते असणारे बीटा-कॅरोटीन त्यात दशलक्ष भागांत आठ ते दहा भाग इतके भरते.

या कामात खूण किती उपयोगी पडते, ते रोपवाटिकेत पाहावे. कॅनडाच्या मूळ वाणात नारिंगी जनुकाची एकच प्रत असली तर गड्डा चांगला भरत असे, दोन असल्या तर रंग गडद पण गड्डा खुरटा राही. गड्डा धरेपर्यंत थांबावयाचे तर रोपे लावून महिने घालवावे लागतात. आता चार पानांच्या रोपाच्या पानाची नखाएवढी चकती काढतात, तिच्यातला डीएनए यंत्रात वाढवितात, आणि संध्याकाळी पट्ट्या वाचतात: एकच खालची असेल तर पांढरे, एकच वरची असेल तर दोन प्रतींचे, दोन्ही असतील तर एका प्रतीचे. दुसऱ्या दिवशी सकाळी वाफ्यात फक्त हवी तीच रोपे लावावयाची असतात.