पित्तनलिकेवरील रोहिणीचा दाब व अडथळ्याची कावीळ

कावीळ झाली की आपल्या भागात प्रथम गावठी औषधाची आठवण होते. परंतु प्रत्येक कावीळ यकृताच्या सुजेची नसते. काही वेळा पित्ताची वाटच अडलेली असते. इंझोरी (ता. मानोरा, जि. वाशीम) व परिसरातील कुटुंबांच्या, तसेच आमचे विश्वस्त व देणगीदार यांच्या माहितीसाठी अशा अडथळ्याचे एक दुर्मिळ कारण येथे देत आहोत.

यकृतात दररोज सुमारे अर्धा ते एक लिटर पित्त तयार होते व ते पित्तनलिकेतून लहान आतड्यात उतरते. यकृताच्या उजव्या भागास रक्त पुरविणारी रोहिणी या नलिकेला आडवी जाते; बहुतेकांत मागून, काहींत पुढून. दोन्ही रचना नैसर्गिक असून सहसा त्रासदायक नसतात. क्वचित मात्र रोहिणीच्या सततच्या दाबाने नलिका अरुंद होते. पाटात अडसर आला की पाणी तुंबते व गाळ बसतो, त्याचप्रमाणे अरुंद जागेच्या वर पित्त साचून खडे तयार होतात आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

डोळे पिवळे होणे, लघवी गडद व शौचास पांढुरकी होणे, अंगास खाज सुटणे, उजव्या बरगडीखाली दुखणे ही अडथळ्याची लक्षणे होत. त्यासोबत थंडी वाजून ताप आल्यास रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात आणावे. तुंबलेल्या पित्तातील संसर्ग रक्तात पसरल्यास जिवावर बेतू शकते.

सोनोग्राफीत फुगलेल्या नलिका व खडे दिसतात. नेमकी अरुंद जागा एमआरसीपी तपासणीत, तर रोहिणीचा मार्ग सीटी अँजिओग्राफीत कळतो. कर्करोगाची गाठ, किंवा अर्जेंटिनाचे शल्यविशारद मिरिझी यांनी १९४८ मध्ये वर्णिलेला पित्ताशयातील खड्याचा दाब, ही कारणे आधी वगळावी लागतात.

खडे दुर्बिणीद्वारे काढता येतात. पण दाब कायम राहिला तर ते पुन्हा होऊ शकतात. म्हणून गरजेनुसार शस्त्रक्रियेने रोहिणी नलिकेपासून मोकळी करतात, अथवा नलिका आतड्यास जोडतात.

खडा सहज दिसतो, त्यामागील कारण मात्र शोधावे लागते. या तपासण्या खर्चिक आहेत. पैशाअभावी त्या अर्ध्यावर राहू नयेत, यासाठीच दात्यांच्या साहाय्याचे मोल आम्हांस मोठे वाटते. आणि नातेवाइकांनी काविळीत दिवस दवडू नयेत, ही नम्र विनंती.