खिडकीतली बाग : कोणती फुलझाडे लावाल?

होस्टेलच्या खिडकीत फुलं हवीत म्हणून मागे मी नर्सरीतून पिटुनिया आणला. थंडीत मस्त फुलला आणि मार्चच्या उन्हात करपला. चूक माझीच! पिटुनिया आपल्याकडे हिवाळ्यातलं झाड, आणि भंडारा-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो.

सुट्टीत अड्याळला गेलो तेव्हा आजीने अंगणातलं ऑफिस टाइम दाखवलं. म्हणाली, "अरे, हे तं घोळीच्या भाजीचं भावंड हाय, याले ऊनच पायजे!" मी पडलो कॉन्व्हेंटवाला. पोर्टुलाका नाव पाठ होतं, पण घोळही पोर्टुलाकाच, हे माहीत नव्हतं. मांसल पानांत पाणी साठवून ते तग धरतं, आणि नुसती फांदी खोचली तरी जगतं. दुसरी सदाफुली. कमी पाण्यात जवळजवळ वर्षभर फुलते. कर्करोगावरचं व्हिन्क्रिस्टिन हे औषध हिच्यापासूनच मिळतं. दोन्हींना दक्षिणेची किंवा पश्चिमेची खिडकी द्या. उत्तरेची असेल तर फुलांचा हट्ट सोडून मनीप्लांट लावा.

आता थोडं इंजिनिअरिंग. ६० × २० × २० सेंमी पेटीत २४ लिटर माती मावते. ओली झाली की वजन ४० किलोच्या आसपास! या झाडांना १५ सेंमी खोली पुरते. अर्धी माती आणि अर्धं कोकोपीट-शेणखत घेतलं की वजन बरंच उतरतं. तळाला भोकं पाडा, पेटी गजांना तारेने घट्ट बांधा. खालून आपलेच मित्र ये-जा करतात.

आणि सुट्टीत पाणी कोण घालणार, हे वॉचमन काकांना आधीच विचारून ठेवा!