‘कागदी’ आडनाव : धंदा गेला, नाव राहिले

आपल्या समाजात धंद्यावरून पडलेल्या आडनावांची कमतरता नाही. अत्तार, तांबोळी, बागवान, मणियार, पिंजारी, नालबंद, शिकलगार ही नावे महाराष्ट्रातील कोणत्याही मोठ्या बाजारपेठेत दुकानांच्या पाट्यांवर वाचायला मिळतात. ‘कागदी’ किंवा ‘कागजी’ ही पाटी मात्र क्वचित दिसते. दिसली तरी आत स्टेशनरी असेलच असे नाही. किराणा असेल, कापड असेल, नाहीतर मोटारीचे सुटे भाग असतील. कागदी लिंबू आणि कागदी घोडे यांच्या पलीकडे हा शब्द फारसा कोणाच्या कानावर नसल्यामुळे या आडनावाच्या मुलांची शाळेत थट्टाही होते. त्या थट्टेला उत्तर देता यावे इतका या नावाचा इतिहास भक्कम आहे. धंदा करणाऱ्या प्रत्येक बांधवाने तो वाचावा असे आम्हास वाटते, कारण एक हुन्नर कसा उभा राहतो, कसा मोडतो आणि काही ठिकाणी पुन्हा कसा उभा राहतो, हे सारे या एका आडनावात सापडते.

नाव कसे पडले

‘कागज’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. त्याचेच ‘कागद’ हे रूप मराठीत रुळले. म्हणून एकाच घराण्याचे नाव मराठी दफ्तरात ‘कागदी’ आणि उर्दूत ‘कागजी’ असे लागते. इंग्रजी अक्षरांत तर तीन-चार तऱ्हा होतात. जो कागद करतो तो कागदी, इतका सरळ या नावाचा अर्थ आहे.

नाव धंद्यावरूनच पडले याला जुना पुरावाही आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस बंगाली कवी मुकुंदराम चक्रवर्ती यांनी ‘चंडीमंगल’ काव्य लिहिले. त्यात एका नव्या नगरात वस्तीला आलेल्या मुसलमान कारागिरांची धंद्यावार यादी आहे. विणकर, रंगरेज, हजाम यांच्याबरोबर कागद कुटणाऱ्यांचाही तीत उल्लेख असून त्यांना ‘कागची’ हे नाव पडल्याचे कवी सांगतो. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी हजार मैल दूरच्या मुलुखातही हाच धंदा आणि जवळजवळ हेच नाव होते. अरब मुलखात कागद विकणारा, ग्रंथांच्या नकला करणारा आणि पुस्तके विकणारा यांना ‘वर्राक’ म्हणत. तेही पुढे आडनाव झाले आणि इराकमध्ये आजही आढळते.

मात्र एक खबरदारी घ्यावी. ‘कागजी’ नावाची सर्वच घराणी कागद करणाऱ्यांची नाहीत. कागदाचा व्यापार करणाऱ्यांनाही हे नाव पडले. उत्तर हिंदुस्थानात काही जैन घराणी ते लावतात. आडनाव एक म्हणून कूळ एक, असे समजू नये.

कागद करण्याची मेहनत

हा कागद झाडाच्या लगद्याचा नसे. जुने दोर, गोणपाट, सणाचे धागे आणि चिंध्या हा त्याचा कच्चा माल. तो तोडून भिजवायचा, चुन्यात मुरवायचा, पायाने चालणाऱ्या जड लाकडी ढेंकीखाली कुटायचा, वाहत्या पाण्यात धुवायचा आणि पुन्हा कुटायचा. असे अनेक वेळा झाले की रांधा तयार होई. तो हौदातील पाण्यात कालवून लाकडी चौकटीवरच्या गवताच्या बारीक चटईवर उचलत. एका उचलीत एक ताव. ओल्या तावांची चळत दाबून पाणी काढायचे, मग एकेक ताव भिंतीवर चिकटवून वाळवायचा. वाळल्यावर खळ लावायची, म्हणजे शाई पसरत नाही. शेवटी गुळगुळीत दगडाने घोटाई. घोटलेल्या तावावर बोरू अडखळत नसे. चोवीस तावांचा दस्ता आणि वीस दस्त्यांचे रीम, या मोजणीत माल विकला जाई.

या कामात सारे घर गुंतलेले असे. कुटणे आणि हौदावरचे काम पुरुष करीत. निवडणे, वाळवणे, खळ आणि घोटाई यांत बायका-मुलांचा हात लागे. चुन्याने धुतलेल्या लांब धाग्याच्या या कागदात आम्ल राहत नसे, म्हणून तो टिकला. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील अडीचशे वर्षांपूर्वीचे मोडी कागद आजही हाताळता येतात आणि गिरणीच्या स्वस्त कागदावरची साठ-सत्तर वर्षांपूर्वीची पुस्तके हातात धरताच तुकडे पडतात. हा फरक कोणीही पाहून घ्यावा.

नाव दुर्मिळ का

पिंजारी गावोगाव लागतो, कारण गादी आणि रजई प्रत्येक घरात असते. नालबंदही वाटेवरच्या प्रत्येक मोठ्या गावाला लागे. कागदाचे तसे नव्हते. त्याला दोन गोष्टी हव्या असत : बारमाही स्वच्छ पाणी आणि लिहिणारे गिऱ्हाईक. लिहिणारे म्हणजे दरबार, दफ्तर, काझी, सावकार, मदरसा आणि ग्रंथांच्या नकला करणारे कातिब. या दोन्ही गोष्टी जेथे जुळल्या तेथेच कागदींचा मोहल्ला वसला. एका सुभ्यात असे एक-दोन मोहल्ले पुरत. म्हणून हे आडनाव देशभर पसरलेले असले तरी जागोजागी पुंजक्याने सापडते आणि मधला मुलूख रिकामा दिसतो.

कोठे कोठे आहे

जनगणनेत आडनावांची मोजणी प्रसिद्ध होत नाही. त्यामुळे या नावाचा माग काढायचा तर गावांची आणि मोहल्ल्यांची नावे हाच चांगला नकाशा आहे.

आपल्या राज्यात पहिला मान कागजीपुऱ्याचा. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यात दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या दरम्यान हे गाव आहे. मुहंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादेस आणली, तेव्हा लष्कर आणि दफ्तराबरोबर कागद करणारेही आले आणि येथे वसले, अशी तेथील परंपरा आहे. ‘दौलताबादी’ कागदाचे नाव पुढे देशभर झाले. दुसरे ठिकाण कुकडीकाठचे जुन्नर. मराठेशाहीत जुन्नरी कागदाला दफ्तरातून मोठी मागणी असे. खानदेशात एरंडोल हे हातकागदासाठी प्रसिद्ध होते; इंग्रजी अमदानीतील गॅझेटिअरमध्येही त्याची नोंद आहे. पुण्यात कसबा पेठेत कागदीपुरा आहे. तेथे आज कागद होत नाही, पण नाव कायम आहे.

गुजरातेत अहमदाबाद हे मोठे केंद्र होते. अठराव्या शतकातील ‘मिरात-ए-अहमदी’ या फारसी ग्रंथात त्याची मोठी मार्मिक हकीकत आहे. दौलताबादी आणि काश्मिरी कागद उत्तम खरे, पण शुभ्रतेत अहमदाबादी कागदाची बरोबरी त्यांना येत नाही, असे ग्रंथकार म्हणतो. त्याचबरोबर त्यातील दोषही तो लपवीत नाही. रेताड मुलखामुळे रांध्यात वाळूचे कण जात आणि घोटाईत ते निघून बारीक छिद्रे राहत. तरीही हा माल अरबस्तान आणि तुर्कस्तानपर्यंत जात असे. मालाची तारीफ आणि खोट दोन्ही इतक्या चोख सांगणारा जाणकार आजही मिळणे कठीण.

राजस्थानात जयपूरजवळचे सांगानेर हे आज या आडनावाचे सर्वांत नामांकित गाव आहे. सोळाव्या शतकात राजा मानसिंगाने सियालकोटहून आपले पूर्वज आणले, असे तेथील कागजी मंडळी सांगतात. उत्तर प्रदेशात यमुनेकाठी काल्पी आहे, बिहारमध्ये बिहारशरीफचा कागजी मोहल्ला आहे आणि जुन्या ढाक्यात कागजीटोला आहे. काश्मीरमध्ये पंधराव्या शतकात सुलतान झैन-उल-आबिदीन याने समरकंदकडून कारागीर आणवले आणि श्रीनगरजवळ हा हुन्नर रुजवला, असे इतिहास सांगतो. समरकंद, काश्मीर, सियालकोट, दौलताबाद अशी ही साखळी आहे. जेथे राज्यकर्त्यांनी दफ्तर थाटले तेथे कागदी पोहोचला.

धंदा का बसला

एकोणिसाव्या शतकात या धंद्यावर तीन बाजूंनी घाव बसले. पहिला विलायती गिरणी कागदाचा. तो स्वस्त, गुळगुळीत आणि हवा तितका मिळे. दुसरा घाव सरकारी धोरणाचा. सर चार्ल्स वुड हे १८५९ ते १८६६ या काळात भारतमंत्री होते. त्यांच्या अमदानीत हिंदुस्थान सरकारने लागणारा कागद विलायतेतूनच घ्यावा असा हुकूम झाला. ज्या धंद्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक सरकारी दफ्तर, त्याचे ते गिऱ्हाईकच गेले. तिसरा घाव तुरुंगांचा. ठिकठिकाणच्या तुरुंगांत कैद्यांकडून कागद करवून घेतला जाऊ लागला. ज्याला मजुरी द्यावी लागत नाही अशा मालाशी मोहल्ल्यातल्या कारागिराने भावात टक्कर कशी द्यावी? त्यातच १८८२ मध्ये टिटागढची गिरणी उभी राहिली, पुढे आणखी निघाल्या आणि देशी गिरण्यांचा कागदही बाजारात आला.

मग वहीखाते बांधणाऱ्या काही सावकारी पेढ्या आणि जुन्या वळणाचे कातिब एवढेच गिऱ्हाईक उरले. कारागिरांची मुले विडी, विणकाम, बागाईत, मोलमजुरी अशा मिळेल त्या कामाला लागली. काहींनी आडनावही सोडले आणि नुसते ‘शेख’ लावले. आडनाव दुर्मिळ होण्याचे हेही एक कारण आहे.

पुन्हा उभारी

१९३४ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली इतर ग्रामोद्योगांबरोबर हातकागदाचे प्रयोग सुरू झाले. १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था निघाली. १९५७ मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोग आला आणि कर्ज, यंत्रे व विक्रीची काही सोय झाली.

याचा खरा फायदा सांगानेरच्या कागजींनी उठवला. लिहिण्याच्या कागदात गिरणीशी झुंजण्यात अर्थ नाही हे ओळखून त्यांनी मालच बदलला. होजिअरी कारखान्यांतील सुती कापडाच्या कात्रणांपासून ते कागद करू लागले. ढेंकीच्या जागी यंत्र आणले, पण ताव उचलण्याचे कसब राखले. फुलांच्या पाकळ्या, धागे आणि सोनेरी वर्ख घातलेले ताव, भेटकार्डे, डायऱ्या, पिशव्या आणि खोकी असा माल ते युरोप-अमेरिकेत पाठवू लागले. १९९० च्या दशकात खादी आयोगाने कुमारप्पांच्या नावाने हातकागदाची राष्ट्रीय संस्था सांगानेरलाच उभारली. काल्पीतही हा धंदा पुन्हा उभा राहिला. उत्तर प्रदेश सरकारने २०१८ मध्ये ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजना काढली, तेव्हा काल्पी ज्या जालौन जिल्ह्यात आहे त्याच्या वाट्याला हातकागदच आला.

आपल्याकडचे चित्र वेगळे आहे. कागजीपुऱ्यात काम थोडक्या हातांवर आले. जुन्नर आणि एरंडोल येथे तर ते इतिहासात जमा झाले. हात येथेही होते आणि पाणीही होते. सांगानेरवाल्यांनी नवे गिऱ्हाईक शोधले आणि आडनावालाच मालाची ओळख केले. ‘आम्ही पिढीजात कागजी’ एवढे तीन शब्द परदेशी खरेदीदाराला माहितीपत्रकाच्या दहा पानांपेक्षा जास्त पटतात, हे त्यांना कळले. दौलताबादचे नाव काही कमी वजनाचे नव्हते. वेरूळ आणि दौलताबादचा किल्ला पाहायला येणारे प्रवासी कागजीपुऱ्याच्या वाटेनेच जातात. त्यांच्यासमोर त्या भूमीचा कागद मांडणारी दुकाने किती आहेत, हा प्रश्न आमच्या मनात येतो.

नाव सांभाळा

ज्यांच्या घरी हे आडनाव आहे त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी.

पहिली : नावाचे एकच लेखन ठरवा. शाळेच्या दाखल्यावर कागदी, सातबाऱ्यावर कागजी आणि बँकेत तिसरेच, अशाने वारसाची नोंद, पासपोर्ट आणि कर्ज या तिन्ही वेळी खोळंबा होतो. फरक मोठा असेल तर राजपत्रात रीतसर नोंद करून घ्या.

दुसरी : आजोबा-पणजोबांचे शाळेचे दाखले, जन्म-मृत्यूचे उतारे आणि खरेदीखते यांत ‘कागदी’ हा शब्द असेल तर नकला काढून ठेवा. घराण्याच्या धंद्याचा तो लेखी पुरावा आहे आणि असा पुरावा गरज पडल्यावर शोधायला गेले की सापडत नाही.

तिसरी : दुकानाला किंवा मालाला आडनाव देण्यास कचरू नका. १९९९ च्या ट्रेड मार्क कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे प्रामाणिकपणे स्वतःचे नाव वापरणाऱ्याला सहसा अडवता येत नाही. दुसऱ्याच्या मालाचा भास होईल अशी नक्कल मात्र नसावी.

चौथी : घरातील वडीलधाऱ्यांना हौद, चटई, खळ आणि घोटाई यांतले जे काही आठवत असेल ते लिहून घ्या. यंत्र विकत मिळते. खळ किती पातळ हवी याचा अंदाज विकत मिळत नाही.

अत्तार, शिकलगार आणि नालबंद बांधवांनीही यातून आपापला हिशेब पाहावा. घोडे गेले तसे नालबंदाचे काम गेले, तलवारी गेल्या तसे शिकलगाराचे. आडनाव ही वाडवडिलांनी ठेवलेली पत आहे. तिच्यावर भांडवल उभे करायचे की ती नुसती रेशनकार्डावर राहू द्यायची, हे ज्याचे त्याने ठरवायचे आहे.