वीस किलोमीटरचे सहा मजले

ताशी १०० किलोमीटर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, घाट सोडला तर, मोटारीला कायद्याने दिलेली ही मुभा. काचा बंद, आत गार हवा, मागच्या सीटवर कुणीतरी पेंगलेले. वेग जाणवतच नाही, कारण तो आडवा आहे. तर तो आपण जरा उभा करून पाहू.

एखादी वस्तू किती उंचावरून सोडली, तर जमिनीवर टेकताना तिचा वेग ताशी १०० किलोमीटर होईल? उत्तर येते ३९ मीटर. तीन मीटरचा एक मजला धरा, म्हणजे तेरा मजले! मजले नको असतील तर विहिरी घ्या. देशावरची त्रेचाळीस फूट खोल विहीर, तिच्या तळाशी तेवढीच दुसरी, दुसरीच्या तळाशी तिसरी. तिन्ही कोरड्या. काठावरून थेट खाली. शंभराच्या वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे एवढे.

आता काटा १२० वर न्या. वीसच तर वाढवले! पण उंची ३९ मीटरवरून ५७ मीटरवर जाते. तेराचे एकोणीस मजले होतात. विहिरींच्या भाषेत चार विहिरी आणि वर आणखी दोन पुरुष. म्हणजे या वीस किलोमीटरमध्ये सहा मजले दडलेले होते. उलट ५० वर या, तर उंची उरते जेमतेम दहा मीटर, तीन मजले. वेग निम्मा केला तर उंची निम्मी नव्हे, चौथाई होते. वेगाचा वर्ग, असे शाळेत घोकले होते. तो वर्ग हा असा इमारतीसारखा उभा राहतो.

थांबा, खरी गंमत पुढे आहे. गंमत म्हणायला जीभ अडखळते, पण हिशेब तसाच आहे.

दोन गाड्या शेजारशेजारच्या लेनमधून चालल्या आहेत, एक १०० ने, दुसरी १२० ने. एकाच क्षणी, एकाच रेषेवर असताना दोघांनाही समोर आडवा झालेला ट्रक दिसतो. दोन्ही चालक सारखेच चलाख. दीड सेकंदात दोघांचे पाय ब्रेकवर. रस्ता कोरडा, टायर नवे, ब्रेक उत्तम. शंभराची गाडी त्या दीड सेकंदात ४२ मीटर जाते, मग ब्रेक लागून आणखी ५६ मीटर घसटत जाते आणि ९८ मीटरवर उभी राहते. मुंबई लोकलचे साडेचार डबे झाले. ट्रक एक हात पुढे. वाचले!

त्याच जागी, त्याच ९८ मीटरवर, शेजारच्या १२० वाल्याचा वेग किती उरला असेल? मनात एक आकडा धरा. वीस जास्त होता, तर वीस उरला असेल? तीस?

शहात्तर! पहिली गाडी पूर्ण थांबलेली, आणि दुसरी, ब्रेक करकचून दाबलेला असताना, ताशी ७६ किलोमीटरने त्याच ट्रकमध्ये शिरते आहे. ७६ म्हणजे २३ मीटर उंची, सात मजल्यांहून जास्त. वरचे वीस किलोमीटर ब्रेकने कापले नाहीतच. ते सव्याज परत आले.

आणि हे सव्याज कर्ज कशासाठी काढले होते? वेळ वाचवण्यासाठी. तोही मोजू. द्रुतगती मार्ग कळंबोलीपासून किवळ्यापर्यंत ९४.५ किलोमीटर. सगळा मार्ग १०० ने कापला तर साडेछप्पन मिनिटांहून किंचित जास्त. १२० ने सव्वासत्तेचाळीस. वाचली साडेनऊ मिनिटे. तीही कागदावर, कारण मध्ये घाट आहे, उजव्या लेनमध्ये ठाण मांडून बसलेले ट्रेलर आहेत. आणि ज्यांनी ही साडेनऊ मिनिटे वाचवली, ते फूड मॉलवर वडापावच्या रांगेत वीस मिनिटे उभे असतात हे मी दर वेळी पाहतो. १२० चे १४० केले तर आणखी वाचतात पावणेसात मिनिटे. वेग जितका वाढवाल तितकी पुढची मिनिटे महाग. वेगमर्यादा ओलांडल्याचे मोटारीचे चलन २,००० रुपयांचे. साडेनऊ मिनिटांना भागले, तर मिनिटाला दोनशे दहा रुपये!

फिनलंडमध्ये दंड उत्पन्नाच्या प्रमाणात लावतात. २०२३ साली ऑलंड बेटांवरच्या एका धनाढ्य उद्योजकाने ५० च्या हद्दीत गाडी ८२ ने नेली. दंड १,२१,००० युरो. तेव्हाच्या दराने एक कोटी रुपयांच्या वर. जास्तीचे किलोमीटर बत्तीस, म्हणजे दर किलोमीटरला तीन लाखांहून अधिक.

पण दंड मोठा असला म्हणजे रस्ता सुरक्षित होतो का? की तिजोरी तेवढी भरते? आता मूळ प्रश्नाला हात घालू, आणि आधी तो किती मोठा आहे ते पाहू.

२०२२ साली भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. हा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा आकडा. सोळा डब्यांच्या वंदे भारतमध्ये १,१२८ आसने असतात. त्या हिशेबाने दीडशे गाड्या, खच्चून भरलेल्या. दर अडीच दिवसांनी एक. किंवा ही माणसे एकेक मीटर अंतरावर उभी करा. रांग कळंबोलीला सुरू होईल, किवळ्याला संपणार नाही; तिथून वळेल, लोणावळ्यावरून घाट उतरेल, खालापूरचा टोलनाका मागे टाकेल आणि तरी चालूच राहील. यांतल्या ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंपुढे सरकारी तक्त्यात कारण आहे ‘अतिवेग’. या टक्केवारीवर मी डोळे मिटून विसंबणार नाही. ‘हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगाने’ हे शब्द फिर्यादीत आपोआप उतरतात. खड्डा, अंधार, चुकीचे वळण यांच्यावर गुन्हा नोंदवता येत नाही. पण टक्केवारी निम्मी केली तरी साठ हजार माणसे उरतात.

आता संशोधकांचे सूत्र. रस्त्यावरचा सरासरी वेग एक टक्का वाढला, तर जीवघेण्या अपघातांचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. जागतिक आरोग्य संघटनाही हाच दाखला देते. म्हणजे इथे वर्गही नाही, चौथा घात! वेग वीस टक्के जास्त, तर धोका दुपटीहून जास्त. हे सूत्र कसे बसवले याच्या खोलात आपण शिरायला नको; खूप देशांतल्या खूप रस्त्यांवर ते ताडून पाहिलेले आहे. आपल्या कामाचे एवढेच, की वेगातली चिमूटभर घट मृत्यूंत मूठभर होऊन उतरते.

ही चिमूट पोलीस आणि कॅमेरे काढू शकतात का? २०१० साली कॉक्रेन या संस्थेने जगभरातले ३५ अभ्यास एकत्र तपासले. कॅमेऱ्यांच्या आसपास अपघात ८ ते ४९ टक्क्यांनी घटलेले, मृत्यू आणि गंभीर दुखापतींचे अपघात ११ ते ४४ टक्क्यांनी. आकड्यांची रुंदी बघा, आठ कुठे आणि एकोणपन्नास कुठे! पण घटीच्या बाजूला सगळेच.

उलटा प्रयोग अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात आपसूक घडला. २००३ साली पैशांअभावी तिथल्या राज्य पोलिसांच्या रस्त्यावरच्या गस्ती दलातली ३५ टक्के माणसे एका फटक्यात घरी बसली. दोन अर्थतज्ज्ञांनी नंतर हिशेब मांडला तो असा: जखमी आणि मृत १० ते २० टक्क्यांनी वाढले. सर्वांत जास्त कुठे? शहराबाहेरच्या महामार्गांवर, लख्ख कोरड्या हवेत. जिथे पाय सैल सुटतो, नेमके तिथे.

फ्रान्सने २००३ च्या अखेरीस रस्त्यांवर स्वयंचलित रडार बसवायला सुरुवात केली. २००२ मध्ये तिथे सात हजारांहून जास्त माणसे रस्त्यावर मेली होती. २०१३ मध्ये ३,२६८. निम्म्याहून कमी! सगळे श्रेय रडारचे नाही, त्या काळात गाड्याही सुधारल्या. मग २०१८ च्या हिवाळ्यात पिवळ्या जाकिटांचे सरकारविरोधी आंदोलन पेटले आणि लोकांनी रडारांवर राग काढला. रंग फासले, जाळले, फोडले. जानेवारी २०१९ मध्ये तिथल्या गृहमंत्र्यांनीच सांगितले, जवळजवळ ६० टक्के रडार निकामी. फेब्रुवारीत मृत्यू मागल्या फेब्रुवारीपेक्षा १७ टक्क्यांनी जास्त. मात्र घाईने टाळी वाजवू नका. वर्षअखेरीस २०१९ चा एकूण आकडा २०१८ इतकाच निघाला.

शिवाय कॅमेरा बसवतात कुठे? जिथे गेल्या वर्षी अपघातांचा कहर झाला, तिथे. विक्रमी पावसानंतरच्या वर्षी पाऊस बहुधा कमीच पडतो, त्यासाठी ढगांना चलन फाडावे लागत नाही. तसे त्या जागचे अपघात पुढल्या वर्षी थोडे कमी होणारच असतात, आणि कॅमेरा फुकटची शाबासकी घेऊन जातो. चांगले अभ्यास ही शाबासकी वजा करतात. वजा करूनही काही उरते, म्हणून तर हा लेख.

उरते ते कुठपर्यंत, हा माझ्या मते सगळ्यांत रसाळ भाग. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या एका संशोधकाने ब्रिटनमधल्या कॅमेऱ्यांचा १९९२ ते २०१६ असा दीर्घ हिशेब तपासला. कॅमेऱ्यापासून ५०० मीटरच्या आत अपघात १७ ते ३९ टक्क्यांनी कमी, मृत्यू ५८ ते ६८ टक्क्यांनी कमी! आणि दीड किलोमीटरच्या पलीकडे? तिथे अपघात उलट वाढत असल्याची चिन्हे. चालक कॅमेऱ्यापाशी ब्रेक दाबतो, तो मागे पडला की उसळी मारून गेलेला वेळ भरून काढतो. कांगारूची चाल. आपल्याकडे ती शिकवावी लागत नाही. ‘पुढे कॅमेरा आहे’ हे मोबाइलमधली बाई गोड आवाजात सांगतेच.

मग कॅमेऱ्याची नजर अलीकडे अर्धा, पलीकडे अर्धा, मिळून एक किलोमीटर धरा. द्रुतगती मार्गाला पुरतील ९५. ठीक. भारतातले राष्ट्रीय महामार्ग सुमारे १ लाख ४६ हजार किलोमीटर, म्हणजे १ लाख ४६ हजार कॅमेरे. पृथ्वीला साडेतीन वेढे घालून प्रत्येक किलोमीटरला एक! आणि २०२२ मधले ३६ टक्के मृत्यूच या महामार्गांवरचे. उरलेले राज्य मार्गांवर, गावांच्या वेशींवर, गल्ल्यांत. देशातले सगळे रस्ते मिळून होतात ६३ लाख किलोमीटर. इथून चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर. म्हणजे आठ वेळा चंद्रावर जाऊन परत यायचे, आणि वाटेत दर किलोमीटरला खांब रोवून कॅमेरा टांगायचा. वर प्रत्येक कॅमेऱ्याचे चलन वसूल करणारे कारकून!

खांब वाढवून हे जमणार नाही. नजर ताणावी लागेल, आणि ती ताणण्याची युक्ती अगदी साधी आहे. गाडी या टोकाला कधी शिरली आणि त्या टोकाला कधी निघाली, एवढेच टिपायचे. मधले अंतर ठाऊक आहे, भागाकार करायचा. सरासरी वेग! दोन खांबांमध्ये ५० किलोमीटर असोत, नजर पन्नासच्या पन्नास किलोमीटरवर पसरते, आणि कांगारूला उडी मारायला जागाच राहत नाही. मारलीच तर फूड मॉलवर बसून भरपाई करावी लागते. स्कॉटलंडने २०१४ मध्ये ए-९ महामार्गावर डनब्लेनपासून इन्व्हरनेसपर्यंत असे कॅमेरे लावले. आपल्या द्रुतगती मार्गाएवढे दोन मार्ग टोकाला टोक जोडले तरी पुरे पडणार नाहीत एवढा तो पट्टा. तिथे मृत्यू आणि गंभीर जखमी घटल्याचे स्कॉटलंडच्या वाहतूक खात्याचे अहवाल सांगतात. आपल्याकडेही मर्यादा ८० ची होती तेव्हा, २०१९ मध्ये, खालापूर आणि उर्से टोलनाक्यांमधले ५० किलोमीटर ३७ मिनिटांच्या आत कापणाऱ्यांना दंडाचा नियम आला होता. घड्याळ आणि भागाकार, बस्स.

द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ माणसे दगावली होती. २०२३ पर्यंत हा आकडा ५८ टक्क्यांनी उतरल्याचे तिथे रस्तासुरक्षेची मोहीम चालवणारे सेव्हलाइफ फाउंडेशन सांगते. पण त्या मोहिमेत केवळ वेगावर नजर नव्हती. उघडे कठडे झाकले, धोक्याच्या जागा दुरुस्त केल्या, रुग्णवाहिका लवकर पोचू लागल्या. यातला कॅमेऱ्याचा वाटा वेगळा काढून दाखवतो म्हणणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

आता शेवटचा गुणाकार, आणि त्यासाठी दम धरा. समजा, देशभरच्या रस्त्यांवर सरासरी वेग पाच टक्क्यांनी उतरला. फक्त पाच. शंभराचे पंच्याण्णव. चौथ्या घाताचे सूत्र लावा: मृत्यू साडेअठरा टक्क्यांनी घटतात. २०२२ च्या आकड्यावर तो हिशेब येतो ३१,२००. वानखेडे स्टेडियम जवळजवळ गच्च भरेल इतकी माणसे. सत्तावीस वंदे भारत पूर्ण भरून अठ्ठाविसावीतही बसतील इतकी. एका वर्षात! पुढल्या वर्षी पुन्हा तेवढीच, त्याच्या पुढल्या वर्षी पुन्हा.

आणि किंमत? द्रुतगती मार्ग टोकापासून टोकापर्यंत १०० ने कापायला लागतात ५६ मिनिटे ४२ सेकंद. ९५ ने ५९ मिनिटे ४१ सेकंद. फरक २ मिनिटे ५९ सेकंद. २०२२ साली या देशात रस्त्यावरच्या एका मृत्यूपासून दुसऱ्या मृत्यूपर्यंत सरासरी जात होती ३ मिनिटे ७ सेकंद.